आबांच्या खोलीचा पत्रा

गेल्या वर्षीचा मार्चमधला तिसरा रविवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. गारा अकरा मिनिटं पडल्या. नुकसान तीस हजार सहाशे रुपयांचं. घरात हजर तिघं: मी, माझी बायको आणि माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू. मी आणि बायको खाली हॉलमध्ये होतो. आबा वर, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत.

नुकसानीचा आकडा नंतर भरला, बाकी एवढं मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवलं होतं. पुढचं लिहायला वर्ष गेलं.

आमचं घर पडेगावात आहे, दौलताबादच्या रस्त्यापासून चार गल्ल्या आत. एकोणीस वर्षांपूर्वी कर्ज काढून बांधलं. मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद ठेवणं हे माझं काम, आणि ती सवय घरापर्यंत आली आहे. विजेचं बिल, टँकर कधी आला, पाऊस कधी झाला, सगळं वहीत असतं. त्या वहीप्रमाणे या घरावर तोपर्यंत चार वेळा गारा पडल्या होत्या. तीन वेळा हरभऱ्याएवढ्या, एकदा बोराएवढ्या. चारही वेळा नुकसान शून्य.

आमच्याकडे गारा म्हटलं की लोकांना शेत आठवतं. द्राक्षं, गहू, आंब्याचा मोहोर. तलाठी येतो, पंचनामा होतो. शहराच्या कडेला घरं बांधून राहिलेल्या आमच्यासारख्यांना वाटत असतं की आपण त्यातून सुटलो, आपल्या डोक्यावर स्लॅब आहे. पण जरा गच्चीवर चढून पाहिलं तर निम्म्या घरांवर काही ना काही पत्र्याचं असतं. कुणाची वरची खोली, कुणाचा जिना, कुणाची गाडी लावायची शेड. स्लॅबचे पैसे संपले की माणूस पत्र्यावर येतो.

आमची वरची खोली आबांची होती. आई गेली त्या वर्षी मी त्यांना फुलंब्रीकडच्या आमच्या गावातून इकडे आणलं. ते गवंडी होते. पन्नास वर्षं दुसऱ्यांची घरं बांधली. खाली आमच्यात राहायला तयार नव्हते. म्हणाले, "तुमची टीव्ही, तुमची ऊठबस. मला वर चार भिंती उभ्या करू दे." वय तेव्हा सत्तर. एक मजूर हाताखाली घेऊन त्यांनी स्वतः बारा बाय चौदाची खोली उभी केली. पश्चिमेला खिडकी ठेवली, कारण तिथून किल्ल्याचा डोंगर दिसतो.

भिंती त्यांच्या, पण छताचे पैसे माझे होते, म्हणून छत मी ठरवलं.

"लोखंडी टाक," आबा म्हणाले. "सिमिटाचा पत्रा उन्हाला बरा, गारंला नाय."

"आबा, सिमेंटचा थंड राहतो. आणि पाच हजार दोनशे रुपये वाचतात."

"वाचतात व्हय?"

"दहा वर्षांत तीनदा गारा झाल्या. हरभऱ्याएवढ्या." मी त्यांना वही दाखवली.

त्यांनी वही हातात घेतली नाही. "तुझ्या वहीत दहा वर्षं हायेत. माझ्या डोक्यावर सत्तर हायेत," असं म्हणून हसले आणि तंबाखू मळायला लागले. मग सिमेंटचाच पत्रा पडला. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

आठ वर्षं ते त्या खोलीत राहिले. पहाटे साडेचारला उठायचे. रेडिओ लावायचे, शेगडीवर स्वतःचा चहा करायचे. गच्चीवर डालड्याच्या डब्यांत आणि फुटक्या बादल्यांत त्यांनी मिरची, कढीपत्ता, गवती चहा लावला होता. जेवायला खाली यायचे, की पुन्हा वर. बायको म्हणायची, आबा आपल्याकडे राहत नाहीत, आपण आबांच्या खालच्या मजल्यावर राहतो.

त्या रविवारी आधी वारा आला. मग एक आवाज झाला, कुणीतरी सोलरवर दगड मारल्यासारखा. मग दुसरा. बायको उठली, "पोरं दगड मारतात वाटतं." आणि मग सगळं एकदम सुरू झालं. स्लॅबखाली असूनही एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी जिन्याकडे धावलो. जिन्याचा दरवाजा उघडला तर गच्ची पांढरी झालेली होती आणि आबांच्या खोलीच्या छताला मधोमध भगदाड पडलेलं होतं.

आबा खोलीत नव्हते. ते गच्चीच्या कोपऱ्यात कठड्याला टेकून बसले होते, डोक्यावर पोतं घेऊन. पोत्याखालून रक्ताची धार भुवईवर आली होती. समोर आईचा लोखंडी तवा पालथा पडलेला होता आणि त्याच्यावर गारा वाजत होत्या.

गारा पडायला लागल्या की अंगणात तवा पालथा टाकायचा, मग गारा थांबतात, असं आमच्या गावात मानतात. आई दरवेळी टाकायची. मी शाळेत असताना तिला याबद्दल हसलो होतो. आई गेल्यावर आबांनी गावाकडून जे थोडं सामान आणलं, त्यात तो तवा होता.

मी त्यांना काखेत धरून जिन्यात आणलं. ते म्हणाले, "टाकला तवा. थांबतील आता."

दुपारी जेवल्यावर साडेचारपर्यंत ते खाटेवर पडायचे. हे इतकं ठरलेलं होतं की बायको त्यांचा चहा चार पस्तीसला टाकायची. भगदाडातून खाली आलेला पत्र्याचा मोठा तुकडा त्या खाटेवर उशीच्या जागी पडला होता. पुढे तो मी वजनकाट्यावर ठेवला. चौदा किलो भरला. म्हणजे तवा टाकायला म्हणून उठले नसते तर. हे वाक्य मी बऱ्याचदा सुरू केलं आहे, पूर्ण केलेलं नाही.

कपाळाला तीन टाके पडले. डाव्या मनगटाचं हाड चिरलं होतं, त्याला प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एवढ्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी विमा कंपनीच्या नंबरवर फोन केला. कर्जाबरोबर घराचा विमा काढला होता, दर वर्षी न चुकता भरत होतो. पलीकडच्या मुलीने सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "पाहणी होईपर्यंत काही हलवू नका, सर. आमचा माणूस येईल."

ते वाक्य मी वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. बत्तीस फोटो काढले. सोलरच्या पंधरापैकी अकरा काचेच्या नळ्या फुटल्या होत्या, खिडकीच्या दोन काचा, टाकीचं झाकण. प्रत्येकाशेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोटो. आदल्या दिवशीच तीन गारा मी स्टीलच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या. सगळ्यात मोठी एक्केचाळीस मिलिमीटर.

"बर्फाचा पुरावा ठेवताय?" बायको म्हणाली. "लाइट गेली की पुरावा गेला."

आबांना हॉलमधल्या दिवाणावर झोपवलं होतं. ते हसले. त्या महिन्यातलं ते त्यांचं शेवटचं मोकळं हसणं असावं. तारीख लिहिलेली नाही.

पाचव्या दिवशी मिस्त्री आले. पत्रे बसवायचं काम करतात, वय साठीच्या आसपास. तरुणपणी आबांच्या हाताखाली विटा उचलल्या होत्या. अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलतात. आबांनीच त्यांना निरोप धाडला होता, मला माहीत नव्हतं. मी कारखान्यातून आलो तेव्हा ते आबांजवळ बसून चहा पीत होते.

"भाऊ, माप घेतलंय," ते म्हणाले. "माल दुकानात पडलाय. लोखंडी, चांगला जाड. बोलो तो उद्याच मारतो. दोन दिवसांनी मिळणार नाही, सगळा पडेगाव माझ्या मागं लागलाय."

मी म्हणालो, "पाहणी व्हायची आहे. तोपर्यंत काही हलवता येत नाही."

"कधी होणार?"

"आठ-दहा दिवसांत."

मिस्त्रींनी आबांकडे पाहिलं. आबा प्लास्टरवरून बोट फिरवत होते. मग म्हणाले, "त्याचं बरोबर हाय. कागदाचं काम हाय. तू जा." मिस्त्री गेले. तो माल दुसऱ्या दिवशी आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरावर चढला.

गल्लीत सात घरांचे पत्रे गेले होते. पंधरा दिवसांत सहा घरांवर नवे आले. आमचं भगदाड तसंच. मी त्यावर ताडपत्रीसुद्धा टाकली नाही. टाकायला खिळे मारावे लागले असते आणि मग मूळ नुकसान कोणतं आणि खिळ्याचं कोणतं हे कसं दाखवणार, असा माझा विचार. खाटेवरचा तुकडा वजन करून पुन्हा होता तसा ठेवला. आबांनी रेडिओ मागितला, तो तेवढा आणून दिला, आधी त्याच्या जागेचा फोटो काढून. एप्रिलमध्ये एकदा अवकाळी पाऊस झाला. गादी भिजली, भिंतीला ओल आली, त्यांनी सत्तराव्या वर्षी केलेल्या गिलाव्याचे पोपडे सुटले.

खाली आबांचं काही चालत नव्हतं. पहाटे साडेचारला जाग यायची, पण रेडिओ लावला तर आमची झोप मोडेल म्हणून तसेच अंधारात दिवाणावर बसून राहायचे. कुणी आलं की उठून पाय जवळ घ्यायचे, जसं काही परक्याच्या घरी आहोत. मिरचीला पाणी घालायला बायको वर जायची, तिला एवढंच विचारायचे, "कढीपत्ता हाय का गेला?" मी घरी आलो की माझ्याकडे बघायचे. पहिले काही दिवस विचारलं, "आला का रं तुझा माणूस?" मी सांगायचो, फोन केला होता. मी एकूण अकरा फोन केले, सगळे वहीत आहेत. एकदा म्हणाले, "पोरगी बघायला येणाऱ्या पाव्हण्यासारखं झालं हे. आपुन अंगण झाडून बसायचं आन् त्यानं कळवतो म्हणायचं." मग विचारणं बंद झालं.

एक दिवस मी कामावर असताना ते कुणाला न सांगता जिना चढून गेले. बायको कपडे वाळत घालायला वर गेली तर ते त्या खोलीत खुर्चीवर बसलेले, डोक्यावर छत्री उघडून, खिडकीकडे तोंड करून. वरून ऊन सरळ आत येत होतं. तिने हात धरून खाली आणलं. संध्याकाळी ती मला म्हणाली, "अहो, त्यांना त्यांची खोली द्या. राहू द्या तो विमा."

"तेवीस हजारांचा प्रश्न आहे."

"तुमच्याकडे तेवीस हजार नाहीत का?"

होते. बँकेत त्याच्या कितीतरी पट होते. हे मला इथं लिहायलाच हवं. प्रश्न पैशांचा नव्हताच. मला सांगितलं होतं हलवू नका, आणि जे सांगितलं ते पाळायचं, एवढ्यावर माझी नोकरी सत्तावीस वर्षं टिकली आहे. दुसरंही एक होतं. विम्याच्या अर्जात छताच्या जागी "संपूर्ण स्लॅब" लिहिलेलं होतं, कारण तेव्हा वरची खोली नव्हतीच. खोली झाल्यावर मी ते बदलून घेतलं नाही, कारण खोलीला परवानगी नव्हती. खोटं मी लिहिलं नव्हतं. पण खरं विचारायचंही टाळलं होतं. त्यामुळे बाकी सगळं तरी नियमानुसार असावं, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये, असं मला वाटत होतं.

एक्केचाळीसाव्या दिवशी पाहणीचा माणूस आला. तिशीतला, घामाघूम झालेला, बोलायला चांगला. मी फाइल काढली. तो वर गेला, फुटक्या नळ्या मोजल्या, आबांच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"ही खोली नकाशात आहे का, काका?"

"नाही."

"मग हिचं काही होणार नाही. खालचं लिहितो मी." मग आत वाकून पाहिलं, खाटेवरचा तुकडा, सडलेली गादी. "पण हे असंच का ठेवलंत?"

"पाहणी होईपर्यंत काही हलवू नका म्हणाले होते."

"ते सगळ्यांनाच सांगतात हो. फोटो काढायचे, मेलवर टाकायचे आणि दुरुस्ती करून बिल ठेवायचं. सगळे तसंच करतात. तुमच्याकडे तर इतके फोटो आहेत. तेवढ्यावर मी अर्ध्या तासात काम केलं असतं." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जरा आवाज उतरवून विचारलं, "इथं कोण राहत होतं?"

"माझे वडील."

खाली आल्यावर आबांनी त्याला बसायला सांगितलं. बायकोला म्हणाले, "चहा टाक. पाव्हणं लई उन्हाचं आलंय." तो चहा पिऊन गेला. फ्रीझरमधल्या गारांबद्दल त्याने विचारलं नाही, मीही काढल्या नाहीत.

तो बोलला ते खाली जिन्यातून ऐकू आलं असणार. आमच्या जिन्यातून सगळं ऐकू येतं. आबांनी त्याचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आता पत्रा टाकायचा का?"

"टाकायचा, आबा. लोखंडी."

"मग झालं."

ते मला एक शब्द जरी लावून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. मी त्याच संध्याकाळी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी वही उघडून दाखवली, पुढे तेरा घरं होती. "वीस दिवस लागतात, भाऊ. माल नाही, माणसं नाहीत. तेव्हाच हो म्हटलं असतं तर." दुसरीकडेही फिरलो. सगळीकडे तेच.

पाहणी झाल्याच्या सातव्या दिवशी आबांना ताप आला. चार दिवस दवाखान्यात होते. खोकला छातीत उतरला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं काहीतरी सांगणार. म्हणाले, "पत्र्याला उतार पश्चिमेला दे. खिडकीपाशी हातभर बाहेर काढ, नायतर पावसाचं पाणी आत येतं." मी हो म्हणालो. चौथ्या दिवशी दुपारी ते गेले. डॉक्टरांनी कागदावर वयाचं कारण लिहिलं. गारांमुळे गेले असं मला म्हणता येत नाही, त्या एक्केचाळीस दिवसांमुळे गेले असंही सिद्ध करता येत नाही. एवढं मात्र आकडेमोडीत बसतं, की शेवटच्या बावन्न दिवसांतले निदान चाळीस ते स्वतः बांधलेल्या खोलीत राहू शकले असते, आणि एकही दिवस राहिले नाहीत.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मिस्त्री आले. हातगाड्यावर लोखंडी पत्रे होते. मी दारात जाऊन म्हणालो, "आता राहू द्या. कुणासाठी टाकायचा?"

ते पायरीवर बसले. "भाऊ, आता नाही म्हणता येणार नाही. आबांनी अॅडव्हान्स दिलेला आहे."

"केव्हा?"

"मी माप घ्यायला आलो त्या दिवशी. तुम्ही यायच्या आधी. तीन हजार. मी म्हटलं, भाऊंना विचारू दे. तर म्हणे, त्याला सांगू नको, त्याचं कागदाचं काम चालू हाय. त्याचं झालं की ये आन् मार." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. आबांच्या वळणाचे आकडे मी ओळखतो. बारा, चौदा, उतार पश्चिमेला, खिडकीपाशी हातभर बाहेर. पाचव्या दिवशीचीच चिठ्ठी. म्हणजे मी मिस्त्रींना परत पाठवलं तेव्हा पैसे त्यांच्या खिशात होते आणि दोघंही ते ऐकून घेत बसले होते.

काम दोन दिवस चाललं. बायकोने खाट धुऊन उन्हात ठेवली. खोलीतली माती काढली. फ्रीझरमधला डबा तिने वर नेला. तीन गारा आता सुपारीएवढ्या राहिल्या होत्या आणि एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या तिने कढीपत्त्याच्या डब्यात ओतल्या. मी अडवलं नाही. तवा आबांच्या खोलीतल्या खिळ्याला पुन्हा अडकवला आहे. यंदाच्या मार्चमध्ये एकदा आभाळ भरून आलं तेव्हा मी तो काढून जिन्यात आणून ठेवला. गारा झाल्या नाहीत.

त्या खोलीत कुणी राहत नाही. पश्चिमेची खिडकी मी रोज सकाळी उघडतो आणि संध्याकाळी लावतो.

विमा कंपनीकडून जुलैमध्ये चार हजार तीनशे रुपये माझ्या खात्यात आले. नळ्या, काचा आणि टाकीचं झाकण मिळून सात हजार दोनशे, त्यातून घसारा आणि त्यांची ठरलेली कपात वजा जाऊन. आबांच्या खोलीचं काही नाही. पत्र्याचं आणि मजुरीचं बिल तेवीस हजार चारशे झालं. मिस्त्री मजुरी घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, "आबांनी मला थापी धरायला शिकवलं." मी म्हणालो, घ्या, नाहीतर मला ते कुठं लिहायचं ते कळणार नाही. तेव्हा घेतली. तीन हजार त्यांना आबांकडून आधीच पोहोचले होते. उरलेले वीस हजार चारशे मी दिले.